खुंटी, खिळे आणि आईची खुर्ची

घरात विंचू निघाला की लोक जसे ओरडतात, तसे आमचे बाबा लाकडात खिळा निघाला की ओरडत. जुन्या दाराची फळी रंध्याखाली घ्यावी आणि आत कुणी कधीकाळी ठोकलेला खिळा पात्याला लागावा, की त्या दिवसाचं काम तिथेच थांबे. मग तो खिळा ठोकणारा कोण, त्याला सुतारकी शिकवणारा कोण आणि त्या घराण्यात आणखी काय काय झालं असेल, याची चौकशी सुरू होई. खिळा उपटून ते अंगणाच्या टोकाला ठेवलेल्या फुटक्या हंडीत टाकत आणि हात धुऊन येत. आमच्या घरात कॅलेंडरसुद्धा लाकडी खुंटीला टांगलेलं असे.

कसालहून मालवणकडे जाताना रस्त्याला लागून आमचं गाव, आणि घरामागे माडाच्या चुडतांनी शाकारलेला लांब मांगर, म्हणजे शेड. त्या मांगरावर बाबांनी स्वतःच्या हाताने ‘फर्निचर कारखाना’ असं रंगवलं होतं. कारखान्यात बाबा, दोन कामगार आणि एक म्हातारी करवत. जिल्हा वेगळा होऊन दोन-चार वर्षं झाली होती, नवनवी ऑफिसं निघत होती आणि प्रत्येकाला चकचकीत सनमायकाची टेबलं हवी होती. बाबा म्हणायचे, सनमायका म्हणजे लाकडाला घातलेली चड्डी. त्यामुळे ऑफिसवाले आमच्याकडे फार फिरकत नसत.

बाबांचे नियम साधे होते, पण ते मोडायची सोय नव्हती. नवं लाकूड तोडायचं नाही. फुटलेल्या होड्या, मोडलेली दारं, पडलेल्या घरांचे वासे, यांतूनच काम करायचं. नवीन वस्तू हवी असेल तर जुनी घेऊन या. कपाट न्यायला येणारा माणूस डोक्यावर मोडका पाळणा घेऊन येई. खिळा नाही, सरस नाही. एका लाकडाला जीभ, दुसऱ्याला खाच आणि दोन्हींच्या आरपार फणसाची खुंटी. खुंटी उपटली की वस्तू पाच मिनिटांत फळ्या-फळ्या होऊन जमिनीवर आडवी. आणि सगळ्यात मोठा नियम हा की पाय सगळे एका मापाचे. पलंगाचा, बाकाचा, टेबलाचा, खुर्चीचा पुढचा, सगळे पाय बाबांच्या एकाच काठीने मोजलेले. कुणाचाही पाय कुणालाही लागे. ज्याने आमच्याकडून एकदा वस्तू नेली, त्याचा पाय मोडला तर बाबा जन्मभर दुसरा लावून देत.

भुसा बंदरावर बर्फ झाकायला जाई, ढलप्या चुलीत जात, रंध्याची सालपटं कोंबड्यांच्या खुराड्यात. माझा भाचा हल्ली सांगतो की याला चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात आणि त्यावर परदेशात परिषदा भरतात. आमच्याकडे याला बाबांचं खूळ म्हणत.

प्रत्येक वस्तूच्या पोटाखाली बाबा सुतारी पेन्सिलीने दोन ओळी लिहीत. वर ‘खंयसून’, म्हणजे लाकूड कुठून आलं: अमक्याची होडी, तमक्याचं माजघराचं दार. खाली नुसतं ‘पुढे’ आणि समोर जागा कोरी. ती जागा पुढच्या सुताराने भरायची. ‘‘लाकूड आपला नसता गो बाय,’’ ते मला सांगत, ‘‘ता आपल्याकडे रवाक इलेला असता.’’

हे ऐकायला फार छान आहे. जे फर्निचरवाल्याच्या घरात राहत नाहीत त्यांना तर फारच छान आहे.

कारण दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरात होता. गावात कुणाचाही पाय मोडला आणि मांगरात तयार पाय नसला, की बाबांची नजर घराकडे वळे. आई-बाबांच्या लग्नातला पलंग माझ्या जन्माआधीच शाळेचे बाक होऊन गेला होता. माझा पाळणा, मी अजून त्यात असताना, निम्मा देव्हारा झाला होता. एकदा आलेला पाहुणा आंघोळीला गेला आणि परत येईपर्यंत त्याची खुर्ची शिरोड्याला रवाना झाली. मी बारावीचा अभ्यास करत होते तेव्हा बाबा आले, टेबलाखाली वाकले आणि म्हणाले, ‘‘पाय घेवन जातंय. फळी ठेवतंय, तू वाच.’’

‘‘फळी ठेवू खंय?’’

‘‘मांडयेर.’’

बारावीला मला कमी गुण का पडले हे आजवर कुणी विचारलं नाही, म्हणून इथे सांगून ठेवते.

माझं एक वेळ ठीक होतं. आईला मात्र खुर्चीचं फार होतं. तिच्या माहेरी ओटीवर एक हातवाली खुर्ची होती आणि तिच्यावर फक्त आजोबा बसत. आईला लहानपणापासून वाटे की लग्न झाल्यावर आपल्यालाही असं एक ठिकाण मिळेल. ते मिळालं फर्निचरवाल्याचं घर, आणि बावीस वर्षांत त्या घरात एक खुर्ची आठ दिवस टिकली नव्हती. ती तक्रार करत नसे. पाटावर बसून तांदूळ निवडता निवडता नुसती म्हणे, ‘‘हो पाट तरी ऱ्हवांदे.’’

मग गावात महिला मंडळ निघालं. त्याचं अध्यक्षपद आईकडे आलं, कारण बाकी बायका एकमेकींकडे बघत असताना ती दुसरीकडे बघत होती. मला थोडी शुद्ध मराठी लिहिता येई म्हणून मी चिटणीस. मंडळाला शिवणयंत्र मिळणार होतं आणि ते द्यायला तालुक्याहून एक बाई येणार होत्या. सभा आमच्याच खळ्यात, म्हणजे अंगणात. आईने पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग ती मांगरात गेली आणि बाबांसमोर उभी राहिली.

‘‘माका खुर्ची होयी,’’ ती म्हणाली. ‘‘शाळेतसून मागून हाडलेली नको. माझी. तालुक्याच्या बायकोमनशाक शाळेची खुर्ची चलतली. अध्यक्ष आपल्या खळ्यात आपल्या खुर्चेर बसतली.’’

तिने बाबांकडे हक्काने काही मागितलेलं मी तरी पहिल्यांदाच बघत होते. बाबांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली आणि म्हणाले, ‘‘करतंय.’’

खुर्ची खरंच सुरेख झाली. पाय आणि हात एका मोडलेल्या होडीच्या ऐनाच्या लाकडाचे. बैठक कुणाच्या तरी फणसाच्या दाराची. पाठ टेकायला रुंद फळी हवी होती, ती बाबांना गाडीथांब्यावरच्या काढून टाकलेल्या जुन्या पाटीत मिळाली. रंधा मारून त्यांनी ती गुळगुळीत केली, तेल पाजलं. पण पाटीवरचा रंग लाकडात खोल मुरला होता. आमच्याकडची हवा दमट. चार दिवसांनी तेलाखालून अक्षरं हळूहळू वर आली: ‘येथे थुंकू नये’. आईने ते मला वाचायला लावलं. मग थोडा विचार करून म्हणाली, ‘‘बरा आसा. खोटा कायेक नाय.’’

खुर्ची ओटीवर आली तरी ती तिच्यावर बसली नाही. जुन्या नऊवारीने झाकून ठेवली. येता-जाता लुगड्याचं टोक उचलून पाय मोजायची. चार.

आपल्या नवऱ्याला ती ओळखून होती, म्हणून तिने एक नारळ आणला आणि संध्याकाळी तुळशीसमोर गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं घालणं हे एरवी पुरुषांचं काम. पण अध्यक्ष झाल्यापासून आईला काही अडत नव्हतं. शेजारपाजारचे जमले, मांगरातून कामगार आले, त्यांच्यामागून बाबाही आले.

‘‘बा देवा म्हाराजा,’’ आईने सुरुवात केली, ‘‘आज बावीस वर्सांनी ह्या घरात एक खुर्ची झाली हा.’’

‘‘व्हय म्हाराजा,’’ सगळे म्हणाले.

‘‘सभा होयसर ती चार पायांवर उभी रवांदे.’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘आणि ह्या मेस्ताचो हात तिका लागाक देव नको.’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

या तिसऱ्या वेळेला सगळ्यांत मोठा आवाज खुद्द त्या मेस्ताचा, म्हणजे सुताराचा, म्हणजे बाबांचा होता. देवळात गाऱ्हाणं घालताना साथीला ओरडायची त्यांना वर्षानुवर्षांची सवय. कानांनी ऐकायच्या आधी तोंडाने होकार भरला. नारळ फुटल्यावर ते थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मला वाटतं तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. पण देवासमोर दिलेला होकार परत कसा घेणार?

सभेच्या दिवशी, सभा चार वाजता म्हणून, आई दुपारीच बायकांना घेऊन शाळेतून पाहुण्यांसाठी खुर्ची आणि समई आणायला गेली. ती गेली आणि बंदरावरचा सुक्या मासळीचा व्यापारी सायकलवरून आला. हा आमचं जुनं गिऱ्हाईक, कोकणी मुसलमान, मोठा शांत माणूस. बाबा त्याला भाई म्हणत. त्या दिवशी तो घामाघूम होता.

‘‘मेस्तानू, मांच्या पलंगाचो पायो गेलो. वाळव्यांनी खाल्लो. म्हातारी सकाळधरना जमनीर आसा. कमराचा हाड आत्ताच सांदला हा, जमनीरसून उठूक मिळणा नाय.’’

बाबांचा चेहरा उतरला. ‘‘माझ्या पलंगावरची म्हातारी जमनीर?’’ एवढंच ते म्हणाले आणि मांगरात धावले. मांगरात पाय नव्हता. त्या आठवड्यात शाळेच्या बाकांचं काम झालं होतं आणि होते नव्हते ते सगळे पाय बाकांना लागून गेले होते. नवा पाय करायचा तर सुकं लाकूड कापून, तासून, भोक पाडून संध्याकाळ झाली असती.

बाबा ओटीवर आले. लुगड्याने झाकलेल्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलं. मग तुळशीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला लगेच कळला आणि मी मागे सरले.

‘‘गाऱ्हाण्यात माझो हात म्हटलेलो आसा,’’ बाबा म्हणाले. ‘‘तुझो नाय.’’

मी वीस वर्षांची होते, मंडळाची चिटणीस होते आणि त्या म्हातारीला ओळखत होते. लहानपणी बंदरावर गेले की ती मला खोबऱ्याची वडी द्यायची. मी खुर्चीसमोर बसले. बाबा दोन्ही हात पाठीमागे बांधून लांबून सांगत राहिले, ‘‘उजवीकडची खुंटी. खालसून दाब. सावकाश. शाबास.’’ पाय सुटला. भाईने तो सायकलला बांधला, आम्हा दोघांना दुवा दिला आणि गेला.

आता खुर्चीला तीन पाय होते. चौथा आणला तो पाण्याच्या घागरी ठेवायच्या घडवंचीचा. माप तेच, काठी तीच. पण बारा वर्षं पाण्यात उभा राहून तो पाय खालून दोन बोटं कुजला होता आणि वरचं भोक झिजून सैल झालं होतं. मी खुंटीला काथ्या गुंडाळला, खुर्ची खळ्यात नेऊन मांडली आणि पायाखाली नारळाची करवंटी उपडी ठेवली. वरून लुगडं सोडलं. बाबांनी चारी बाजूंनी बघितलं आणि मला शेवटची सूचना केली.

‘‘आयेक सांग, एकदा बसलीस काय उठा नको. उठलीस काय परत बसा नको.’’

‘‘तुमीच सांगा.’’

‘‘माका बाकांची फळी बघूची आसा,’’ म्हणून बाबा जे मांगरात गेले ते सभा संपेपर्यंत दिसले नाहीत.

मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण आई आली ती नवी साडी नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून, आणि आल्या आल्या खुर्चीवरचं लुगडं ओढून तिच्यावर अशी बसली, की मला तोंड उघडवेना. तिने दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. पाठ टेकली. डोळे जरा मिटले. बावीस वर्षांचा प्रवास करून बाई अखेर आपल्या ठिकाणाला पोचली होती. त्या क्षणी मी तिच्या कानाशी एवढंच कुजबुजले, ‘‘आये, काय झाला तरी उठा नको.’’

तिने माझ्याकडे पाहिलं. मग खाली, करवंटीकडे पाहिलं.  खळ्यात तोवर तीसेक बायका हातऱ्यांवर, म्हणजे चटयांवर, बसल्या होत्या आणि तालुक्याच्या बाई फाटकातून आत येत होत्या.

सगळ्या बायका उठल्या. अध्यक्ष बसून राहिल्या. तालुक्याच्या बाईंनी नमस्कार केला, अध्यक्षांनी बसूनच हात जोडले. बाई जरा थबकल्या. हार घालायची वेळ आली तेव्हा अध्यक्षांनी बसूनच हार पुढे केला आणि पाहुणीला वाकून गळ्यात घ्यावा लागला. समई पेटवायची होती, तर मी ती उचलून अध्यक्षांच्या पुढ्यात नेली. हातऱ्यांवर कुजबुज सुरू झाली. ‘‘खुर्ची गावली आणि मान ताठ झाली,’’ असं मागून कुणीतरी म्हणालं, आणि ते आईलाही ऐकू गेलं, कारण तिचे कान लाल झाले.

आईचं भाषणही बसूनच झालं. ते मीच लिहून दिलं होतं आणि तिने पाठ केलं होतं. प्रत्येक वाक्यानंतर ती उजव्या मांडीने खुर्ची दाबून धरत होती, त्यामुळे भाषणाला एक वेगळाच ठसका आला. तालुक्याच्या बाई आता जरा दबून बोलू लागल्या. आपण उभं राहून बोलावं की बसून, हे त्यांनी मला हळूच विचारलं. मग त्याही बसूनच बोलल्या. बोलता बोलता त्यांचं लक्ष आईच्या डोक्यामागच्या अक्षरांकडे गेलं.

‘‘पाहा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुमच्या अध्यक्षांनी स्वच्छतेचा संदेश थेट खुर्चीवरच कोरून घेतला आहे. प्रत्येक गावाने याचं अनुकरण करावं.’’ टाळ्या पडल्या. आईने मान किंचित लववली. फार नाही.

शिवणयंत्र दिलं गेलं, म्हणजे यंत्रच आईपर्यंत आणलं गेलं. मी आभार मानले आणि सभा संपली असं घाईघाईने जाहीर केलं. सुटलो, असं मला वाटलं. तेवढ्यात तालुक्याच्या बाई म्हणाल्या, ‘‘राष्ट्रगीत राहिलं की.’’

राष्ट्रगीत सांगायचं काम चिटणिसाचं. माझं तोंड खुर्चीकडे होतं. मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे पाहिलं. शाळेत ती तिसरीपर्यंतच शिकलेली, पण राष्ट्रगीताला बसून राहायचं नसतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ती उठली. हात सरळ, मान वर.

पहिल्या ओळीला करवंटी टक्‌ करून निसटली. दुसऱ्या ओळीला घडवंचीचा पाय हळूहळू बाहेर कलला आणि काथ्यासकट खुंटी खाली पडली. बाबांचं काम नामी होतं. एक खुंटी सुटली की वस्तू कशी क्रमाने उकलत जाते, ते मी लहानपणापासून पाहत आले होते, पण गाता गाता कधी पाहिलं नव्हतं. खुर्चीचा उजवा हात सुटून लोंबला. बैठक पुढे घसरली. डावा पाय मागच्या पायाला सांगून गेल्यासारखा आडवा झाला. तीस बायका सावधान उभ्या. नुसते डोळे खाली-वर. माझा आवाज चढत चालला होता, पण मी थांबले नाही, कारण थांबता येत नाही. शेवटी पाठीची फळी एकटीच उभी राहिली, क्षणभर तिने सगळ्यांना ‘येथे थुंकू नये’ असं बजावलं आणि चेहरा वर करून उताणी पडली. करवंटी घरंगळत तालुक्याच्या बाईंच्या पायापाशी जाऊन गरगर फिरत राहिली. आमची एक कोंबडी आली आणि बैठकीवर चढून उभी राहिली. या सगळ्यात आईने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

राष्ट्रगीत संपलं. कुणी हलेना. मग तालुक्याच्या बाईच म्हणाल्या, ‘‘अध्यक्षांनी खुर्ची सोडली, पण शिस्त सोडली नाही.’’ आणि सगळं खळं हसत सुटलं. आईसुद्धा हसली. पाहुणी जाईपर्यंत हसत होती. इतिवृत्तात मी लिहिलं की राष्ट्रगीत होऊन सभा विसर्जित झाली. आणखी काय लिहिणार होते?

सगळ्या गेल्यावर बाबा मांगरातून आले. आई ओटीवर, पाटावर बसली होती. पुढ्यात खुर्चीच्या फळ्या, एकीवर एक रचून ठेवलेल्या. वळेसर तसाच केसांत होता.

‘‘पायो खंय गेलो?’’ तिने विचारलं.

‘‘बंदरार. भाईच्या म्हातारेच्या पलंगाक. ती जमनीर होती.’’

‘‘मगे बरा केलास,’’ आई म्हणाली.

बाबांनी सुटकेचा श्वास सोडला. मी सोडला नाही, कारण मी आईचा चेहरा बघत होते.

‘‘माका इचारूचा नाय?’’ ती म्हणाली.

‘‘तू नाय म्हणतलंस, म्हणान.’’

‘‘मी कधी नाय म्हटलंय?’’ तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. ‘‘बावीस वर्सां घरातलो एकेक पाय काढून नेलास. मी कधी तुमका नाय म्हटलंय? इचारला असतास तर मीच खुंटी उपटून दिलंय असतंय. म्हातारेक जमनीर ठेवन मी काय खुर्चेर बसलंय असतंय? हातरेर बसान सभा केली असती. माझ्या खुर्चेचा माका सोडून सगळ्यांका माहीत.’’

मी मान खाली घातली. त्या ‘सगळ्यां’त मीही होते. खुंटी माझ्याच हाताने सुटली होती आणि सांगायची वेळ होती तेव्हा मी गप्प बसले होते. माझी मलाच लाज वाटली. आई उठली आणि घागरी भरायला गेली. घडवंचीलाही आता तीनच पाय होते, म्हणून घागरी जमिनीवर ठेवाव्या लागल्या.

नंतरचे तीन दिवस आई नीट वागली, नीट बोलली, नीट जेवायला वाढत राहिली. बाबांना तेच सोसेना. ती भांडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ते मांगरात जात, रंधा हातात घेत आणि तसेच उभे राहत. चौथ्या दिवशी सकाळी ते काही न सांगता कसालच्या बाजारात गेले. दुपारी परतले तेव्हा सदऱ्याच्या आत कागदाचा एक पुडा लपवला होता. दारू आणलेला माणूस येतो तसे ते मागच्या बाजूने आले. पुडा सोडला. आत खिळे होते.

मोठा कामगार उठून उभा राहिला. धाकट्याने हातातली करवत खाली ठेवली. दुकानदारानेही म्हणे तीनदा विचारलं होतं की मेस्तानू, नक्की तुमकाच होये?  खुर्चीच्या फळ्या बाबांनी पुन्हा जुळवल्या, नवा तासलेला पाय बसवला, खुंट्या मारल्या. आणि मग त्या सुरेख सांध्यांवर त्यांनी खिळे ठोकायला घेतले.

पन्नास वर्षांच्या त्या माणसाला खिळा ठोकता येत नव्हता. पहिला वाकला. दुसरा वाकला. तिसरा अंगठ्यावर बसला. कामगारांनी मदत करू का विचारलं तर बाबा खेकसले. आवाज ऐकून आई मांगराच्या दारात येऊन उभी राहिली, मी तिच्या मागे. बाबा ठोकत होते, पुटपुटत होते, अंगठा चोखत होते आणि परत ठोकत होते. पायांना, हातांना, पाठीला, बैठकीला. पुडा संपला तेव्हा खुर्ची एका बाजूला कलली होती, पाठ तिरकी झाली होती आणि ‘थुंकू’वर दोन वाकडे खिळे होते. बाबांनी आयुष्यात बनवलेली ती एकमेव कुरूप वस्तू.

मग त्यांनी खुर्ची उलटी केली, कानावरची पेन्सिल काढली आणि पोटाखाली लिहायला वाकले. बराच वेळ लागला.

‘‘काय लिवलानी?’’ आईने मला विचारलं.

मी पुढे होऊन वाचलं. ‘खंयसून’ यापुढे होडी, दार आणि पाटी. खाली ‘पुढे’. ही जागा बाबा नेहमी कोरी ठेवत. तिथे लिहिलं होतं, ‘खंयच नाय’.

 बाबांनी खुर्ची सरळ केली आणि तिच्याकडे बघवेना म्हणून ते खिळ्यांच्या हंडीकडे बघत म्हणाले, ‘‘आता कोणय इलो तरी हिचो पायो निघाचो नाय. लाकूड फुकट गेला. कोणाच्याच उपेगाक येवचा नाय.’’

आई आत आली. पदर सावरला आणि खुर्चीवर बसली. खुर्ची चारी बाजूंनी कुरकुरली, पण उभी राहिली.

‘‘माझ्या येतला,’’ आई म्हणाली.